मगदुमांच्या घरचा रास्त भाव

आप्पा मगदुमांनी मला गच्चीवर नेलं ते सोलर दाखवायला. निदान खाली घरात त्यांनी तसं सांगितलं. "मॅडमना जरा सोलर दाखवून आणतो," असं स्वयंपाकघराच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाले आणि माझा चहा संपायच्या आत जिना चढायला लागले. वर गेल्यावर त्यांनी सोलरकडे ढुंकूनही बघितलं नाही. जिन्याचं दार लोटलं, कठड्याला टेकून उभे राहिले आणि समोरच्या गल्लीतल्या विजेच्या तारांकडे बघत राहिले.

"तुम्ही आकडा सांगाल तेव्हा अडीच लाख म्हणा," ते शेवटी म्हणाले. "खरा किती का असंना. वरचं मी घालतो."

मी त्यांना म्हटलं की मी अजून एकही खोकं बघितलेलं नाही.

"म्हणून तर आधीच सांगून ठेवतोय."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात राहत होते आणि जे काम करत होते ते नातेवाइकांना समजावून सांगता सांगता माझी आई मेटाकुटीला आली होती. लहान लहान ठोकळे एकमेकांत बसवून इमारती, जहाजं, आगगाड्या बनवायचे परदेशी संच असतात. कंपनी एखादा संच दोन-तीन वर्षं काढते आणि मग बंद करते. बंद झाला की त्याचा भाव चढायला लागतो, कारण ते संच जमवणारी मोठी माणसं जगभर आहेत आणि त्यांना तो हवाच असतो. खोकं कधीच उघडलेलं नसेल तर भाव आणखी वर जातो. माझं काम अशा बंद झालेल्या संचांचा रास्त भाव सांगायचं. मी स्वतः काही विकत घेत नसे. विक्रीतला हिस्साही घेत नसे. ठरलेली फी घ्यायची आणि आकडा सांगायचा. आकडा मोठा निघाला काय, लहान निघाला काय, माझ्या पदरात तेवढंच पडायचं, आणि म्हणून माझ्या आकड्यावर लोक विश्वास ठेवायचे. त्याचा मला तेव्हा थोडा ताठाही होता.

आप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला होते. उसाच्या गाड्यांचं वजन करायचं आणि पावती फाडायची. जन्मभर तेच केलं. शेतकरी दुसऱ्या काट्यावरची रांग सोडून मगदुमांच्या रांगेत थांबायचे, हे मला पुढे दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी ते स्वतः एवढंच म्हणाले, की असलं काही कुणाला सांगायची वेळ कधी आली नव्हती, म्हणून नीट सांगता येत नाहीये.

मग त्यांनी सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी. संच त्यांच्या मुलाचे होते. अभिनंदन, एकुलता एक. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. एका सकाळी दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. डोक्यातली शीर फुटली होती. त्याला तीन वर्षं झाली होती. सून रोहिणी माहेरी गेली नाही. पुण्याचं घर आवरून इथं जयसिंगपूरला सासू-सासऱ्यांकडे आली आणि सांगलीच्या फार्मसी कॉलेजात शिकवायला लागली. आता तिचं दुसरं लग्न ठरलं होतं. मुलगा बेळगावचा, भरत उपाध्ये म्हणून, तोही शिकवतो. हे स्थळ आप्पांनीच बघितलं होतं आणि तिच्या मागे लागून लागून तिला तयार केलं होतं.

"पण पैसे घ्यायला तयार नाही," आप्पा म्हणाले. "एक रुपया घेत नाही माझ्याकडनं. म्हणते, तुमच्या औषधपाण्याला ठेवा. आता हे संच तिच्या नवऱ्याचे. त्याचं जे येईल ते तिचंच की. त्याला ती नाही म्हणू शकत नाही."

त्यांचा हिशेब असा होता, की कितीही झालं तरी खेळणीच ती, वीस-पंचवीस हजारांच्या वर काही जायची नाहीत. उरलेले ते आपल्या फंडातून गुपचूप घालणार होते. त्यासाठी माझ्या तोंडून आकडा यायला हवा होता. मी बघते म्हणाले. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

खोली मागच्या बाजूला होती. अभिनंदनची शाळेपासूनची खोली. एका भिंतीला लोखंडी मांडणी आणि मांडणीवर खोकी, ओळीनं, पाठीला पाठ लावून. दीपगृह होतं, कोपऱ्यावरची बेकरी होती, पवनचक्की, सर्कशीचा तंबू, बर्फातलं रेल्वे स्टेशन, तीन डोलकाठ्यांचं जहाज. पुण्याहून टेम्पोनं आली तशी इथं लावली होती. मी अशा पुष्कळ खोल्या बघितल्या होत्या. त्यात नेहमी धूळ असते, झुरळांची अंडी असतात, वरच्या खोक्यांच्या वजनानं खालची दबलेली असतात. इथं बोट फिरवलं तर बोटाला काही लागलं नाही. खिडकीला आतून जाड कापड लावलं होतं, त्यामुळे ऊन लागून रंगही उडाले नव्हते.

मी कामाला लागले. खोकं उचलायचं, सहाही बाजू बघायच्या, कोपरे बघायचे, कंपनीची चिकटपट्टी मूळची आहे की कुणी उघडून परत लावली आहे ते भिंगातून बघायचं. मग हलकेच हलवून आवाज ऐकायचा. आतल्या पिशव्या बंद असल्या की आवाज वेगळा येतो, फाटून तुकडे सुटे झाले असले की वेगळा. आणि मग भाव. विकणाऱ्यानं काय मागितलंय ते मी कधीच बघत नसे, मागायला कुणाचं काय जातं. तसाच संच, तशाच अवस्थेतला, गेल्या काही महिन्यांत खरोखर कितीला विकला गेला तेवढंच बघायचं.

बेकरीचं खोकं हातात असताना रोहिणी आली. हातात टेबलफॅन होता. इथं फार उकडतं म्हणाली. फॅन लावला, पण गेली नाही. दारापाशी उभी राहिली. बारीक अंगाची, चष्मा लावणारी, बोलायच्या आधी ओठ मिटून घेणारी. मला वाटलं तिला यातलं काही सांगायचं असेल, म्हणून मी विचारलं, यातले कुठले तुम्हाला ठाऊक आहेत?

"ताई," ती म्हणाली, "यांना फारसा भाव नाही, असं सांगता येईल का तुम्हाला?"

मी खोकं खाली ठेवलं.

"खोटं सांगा असं नाही म्हणत मी. पण कमीच सांगा. विकण्यात काही अर्थ नाही असं आप्पांना वाटेल एवढं कमी."

मी कारण विचारलं. ती मांडणीकडे बघत बोलायला लागली. माई, म्हणजे तिच्या सासूबाई, सकाळी बस्तीत, म्हणजे इथल्या जैन मंदिरात, दर्शन करून आल्या की थेट या खोलीत येतात. चहाही घेत नाहीत. एकेक खोकं उतरवतात, मऊ फडक्यानं पुसतात, परत जागच्या जागी ठेवतात. तीन वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. ताप असला तरी येतात. या घरात अभिनंदनचं नाव फारसं निघत नाही, ती म्हणाली. ती काढत नाही कारण माईंना त्रास होईल, आणि माईही काढत नाहीत. पण हे पुसणं आहे.

"मी तर चाललेच. आप्पा हेही विकून मला देणार. मग उद्या सकाळी बस्तीतून आल्यावर माई काय करतील?"

मी तिला म्हटलं की मला जे दिसेल तेच सांगावं लागतं. तिनं मान हलवली. तिला ते अपेक्षितच असावं. जाताना तिनं फॅनचं तोंड माझ्याकडे वळवून ठेवलं.

दुपारी जेवायला वांग्याची भाजी, भाकरी आणि दही होतं. माई वाढत होत्या आणि कुणाच्याही पानाकडे न बघता कुणाला काय हवं ते त्यांना कळत होतं. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, आवाज अगदी बारीक. जेवण झाल्यावर आप्पा आडवे झाले, रोहिणी पेपर तपासायला बसली, आणि मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले तर माई तिथं पोत्यावर बसून शेंगा फोडत होत्या. मला म्हणाल्या, बस की जरा, सकाळपासनं वाकून बसलीयस. मी बसले. समोर शेंगा होत्या म्हणून मीही फोडायला लागले.

त्यांनी मला माझ्याविषयी विचारलं, पुण्यात कुठं राहतेस, आई काय करते, लग्नाचं काय. मी उत्तरं देत होते. मग त्या थोडा वेळ नुसत्याच शेंगा फोडत राहिल्या.

"हितल्या हवेनं ते खराब होतंय, असं सांगशील का?" त्या म्हणाल्या. "सर्दी धरते म्हण. पुठ्ठा कुजतो म्हण. लगेच काढून टाकायला पाहिजे असं सांग."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, खोलीतल्या संचांबद्दल म्हणताय का?

"दुसरं काय. घेऊन जा सगळे. भाव किती का येईना. नाही आला तरी घेऊन जा."

मी म्हटलं, पण तुम्ही तर रोज पुसता.

"पुसते," माई म्हणाल्या. हातातली शेंग त्यांनी फोडली नाही, नुसती धरून ठेवली. "उतरवताना आत वाजतं गं ते. प्रत्येकातनं वाजतं. मला तो आवाज आता सोसत नाही. बस्तीतनं येताना वाटेतच छातीत धडधडायला लागतं."

"मग पुसू नका."

"रोहिणी बघते ना. एक दिवस पुसलं नाही तर तिला वाटेल, माई विसरली. तिनं दुसरं लग्न करायचं म्हटलं आणि लगेच आम्ही त्याच्या वस्तूंकडं बघेनासं झालो, असं व्हायला नको." त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तिचा जीव आहे त्यात. विकायचं नाव काढलं की तोंड कसं होतं तिचं बघितलंस ना. म्हणून ते खराब होतंय असं कुणीतरी बाहेरच्यानंच सांगायला पाहिजे."

मी उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी त्या घरात कुणाची कोण नव्हते. सकाळच्या गाडीनं आले होते, रात्रीच्या गाडीनं परत जाणार होते, आणि तिघांनी तीन बाजूंनी माझ्या आकड्याला हात लावून ठेवला होता. एकाला तो वर हवा होता, एकीला खाली, आणि एकीला कसाही चालणार होता पण वस्तू घराबाहेर जायला हव्या होत्या. मला रागही आला. मी त्या काळात फार सरळ रेषेत विचार करत असे. भाव तो भाव, घरातलं घरातल्यांनी बघावं. मी ठरवलं की जे निघेल ते सांगायचं आणि स्टेशन गाठायचं.

संध्याकाळपर्यंत मी खोकी तपासत राहिले आणि विकल्या गेलेल्या भावांशी ताडून बघत राहिले. जसजशी बेरीज पुढे सरकली तसतशी मी सावकाश व्हायला लागले. अभिनंदनला निवड कळत होती. जे संच कंपनीनं थोडेच काढले आणि लवकर बंद केले, नेमके ते त्यानं घेतले होते. त्यातल्या एका संचाचं न उघडलेलं खोकं तर त्या वर्षी मी दुसरीकडे कुठं बघितलंही नव्हतं. मी बेरीज परत केली. मग तिसऱ्यांदा केली.

मगदुमांकडे दिवस मावळायच्या आत जेवतात. उन्हं गच्चीवरून उतरली तशी माईंनी पानं घेतली. आप्पांनी पहिला घास घेतला आणि घसा खाकरून, आधीच पाठ करून ठेवल्यासारखं, मला विचारलं, "मग मॅडम, काय निघतोय म्हणायचा भाव?"

मी सांगितलं. चार लाख तीस हजार. सगळे एकदम विकायला काढले तर कमी येईल, दोन वर्षांत हळूहळू काढले तर तेवढे नक्की येतील, कदाचित वरही जातील.

आप्पा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या भुवया मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होत्या. मग ते अगदी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, एवढं नको. जरा जास्त होतंय."

मला काय झालंय ते कळायला एक क्षण लागला. त्यांना वाटत होतं, मी त्यांनी सांगितलेलं खोटं वाढवून सांगतेय.

"आप्पा," मी म्हटलं, "हा खरा आकडा आहे."

"खरा? म्हणजे आपलं अडीच ठरलेलं, ते नाही?"

"अडीच कुठले?" रोहिणीनं विचारलं.

आप्पांनी पानाकडे बघितलं. काट्यावर जन्म काढलेल्या माणसाला खोटं पुढे रेटता येईना. भाकरीचा तुकडा मोडला, परत ठेवला, आणि मग सगळं सांगून टाकलं. गच्ची, सोलर, फंड. सांगताना कान लाल झाले होते.

मला वाटलं रोहिणी चिडेल. ती चिडली नाही. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मी ताईंना कमी सांगायला सांगितलं होतं."

"का?" आप्पांनी विचारलं.

"माईंसाठी. त्यांना पुसायला राहावेत म्हणून."

माई आमटीचं पातेलं घेऊन चुलीकडे वळल्या होत्या. त्या तशाच थांबल्या. पातेलं खाली ठेवलं, पदरानं हात पुसले, आणि खाली बसल्या. आमच्या ओळीत नाही, रोहिणीच्या समोर.

"मला ते पुसायचं नाही आता," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यासाठी पुसत होते."

मी पानाकडे बघत बसले. बाहेरच्या माणसानं तिथं असू नये असं ते होतं आणि उठून जावं तर ताट पुढ्यात होतं. मी कुणाचंही गुपित फोडलं नव्हतं. मी फक्त भाव सांगितला होता.

मग माईंनीच विचारलं. त्यांनी जे विचारलं ते पैशांचं नव्हतं, लग्नाचंही नव्हतं.

"त्यात असतं काय गं? लहानपणी तो काही म्हणून बंद ठेवायचा नाही. दिवाळीचं घड्याळ आणलं तर संध्याकाळपर्यंत खोलून ठेवायचा. मग हे एवढं न उघडता कसं ठेवलं त्यानं?"

रोहिणीनं चष्मा परत लावला.

"तो दोन-दोन घ्यायचा, माई. एक ठेवायला आणि एक उघडायला."

"उघडायला?"

"रविवारी. आम्ही दोघं जमिनीवर बसून जोडायचो. सगळा रविवार जायचा. स्वयंपाकही व्हायचा नाही." ती बोलत होती आणि तिचे हात आपोआप हवेत काहीतरी बसवत होते, दाबत होते. "आधी सगळे तुकडे परातीत ओतायचे आणि मी रंगाप्रमाणे वेगळे करायचे. तो मला तेवढंच काम द्यायचा. जोडायचं त्यानंच. मी एखादा तुकडा पळवून हातात लपवला की तासभर शोधत बसायचा. जोडून झालं की महिनाभर टेबलावर, आणि मग सोसायटीतल्या कुठल्या तरी मुलाला देऊन टाकायचं. त्याला फक्त जोडायचं असायचं."

"परात कुठली?" माई म्हणाल्या.

"मोठी. काठाला पोचा पडलेली."

"माझी?"

रोहिणीनं मान हलवली.

"ती तर कणीक मळायला म्हणून नेली होती त्यानं. नवीन संसार आहे, मोठी परात लागते, असं मला सांगून नेली. माझ्या आईची परात ती."

"माई, त्या परातीत मी एकदासुद्धा कणीक मळली नाही."

माईंच्या तोंडातून जो आवाज निघाला तो आधी मला रडण्याचा वाटला. त्या हसत होत्या. पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आप्पांनी विचारलं, मग आता ती परात कुठंय? रोहिणी म्हणाली, माळ्यावर आहे, माझ्या सामानात, आत अजून दोन-चार तुकडे असतील. मग आप्पाही हसायला लागले. मग रोहिणीनं अजून एक, पवनचक्कीचा रविवार सांगितला, मग माईंनी घड्याळाची गोष्ट सांगितली, ती त्या दोघांना ठाऊक होती तरी पुन्हा ऐकली, आणि आप्पांनी त्याच्या पहिल्या पगाराचं काहीतरी सांगितलं जे माईंनाही नवीन होतं. अभिनंदन, अभिनंदन, असं त्याचं नाव त्या स्वयंपाकघरात कितीदा तरी आलं. बाहेर दिवस मावळून गेला. माईंनी अजून पान घेतलं नव्हतं आणि त्या आता जेवणार नव्हत्या, पण त्या रात्री त्या उपाशी राहिल्या हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही.

आप्पा मला स्टेशनवर सोडायला आले. फी देताना मी नको म्हटलं तर ते म्हणाले, असं करू नका, काम केलंय तुम्ही. मी घेतली.

पुढच्या दोन वर्षांत संच एकेक करून विकले गेले. मी फक्त भाव सांगायचं काम करत असे, पण या वेळी गिऱ्हाइकं मीच शोधली. माईंनी अट घातली होती की कुणाकडे जातोय ते त्यांना कळलं पाहिजे आणि त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. त्यांना मराठी आणि थोडं कानडी येई, गिऱ्हाईक असायचं कोचीचं नाहीतर गुवाहाटीचं. तरी बोलायच्या. काय बोलायच्या कुणास ठाऊक. कोचीच्या डॉक्टरनं नंतर मला सांगितलं की त्या बाईंचं एक अक्षर कळलं नाही, पण फोन ठेवावासा वाटला नाही. एक माणूस संच न्यायला स्वतः जयसिंगपूरला गेला आणि शेंगांची चटणी घेऊन परत आला. मांडणी रिकामी होत गेली तशी माईंनी खिडकीवरचं जाड कापड काढून टाकलं.

रोहिणीचं लग्न मी भाव सांगितला त्या वर्षीच मार्गशीर्षात झालं. मला पत्रिका आली होती, मी गेले. आप्पा दारात उभे राहून वऱ्हाडाला फुलं देत होते. संच विकले जात होते तसे पैसे तिनं घेतले. ते खरे होते म्हणून घेतले, असं ती मला मांडवात म्हणाली. आप्पांचं खोटं तिला लगेच कळलं असतं आणि मग तिनं एक रुपयाही घेतला नसता.

तेव्हापासून मी घरातल्या सगळ्यांना एका जागी बसवल्याशिवाय आकडा सांगत नाही. काही लोकांना ते विचित्र वाटतं.

मगदुमांच्या घरून शेवटचा संच गेला त्यानंतर दीडएक वर्षानं मला बेळगावहून फोन आला. मी भरत उपाध्ये, असं म्हणून पलीकडचा माणूस थांबला. रोहिणीचा नवरा असं त्यांनी सांगितलं नाही, पण मला ओळख पटली. ते सुट्टीत दोघं बंगळुरूला गेले होते. तिथं एका दुकानात भिंतीवर जुन्या संचांची चित्रं लावली होती आणि त्यातल्या एका पवनचक्कीपुढं रोहिणी बराच वेळ उभी राहिली. भरतनी विचारलं, घ्यायचा का, तर ती म्हणाली, तो आता बंद झालाय, आणि चालायला लागली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. पण माईंना फोन करून विचारलं, आणि माईंनी त्यांना सगळं सांगितलं. रविवारचंही.

"आता त्याचा भाव काय चालू आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला. प्राध्यापकाच्या पगाराला तो आकडा सोपा नव्हता. कमी करून सांगावा असं माझ्या मनात आलं नाही. मी म्हटलं, हा न उघडलेल्या खोक्याचा. पुण्यात एकांकडे उघडलेला आहे, एकदा जोडून सोडवलेला, खोकं फाटलंय पण तुकडे सगळे आहेत. जमवणारे लोक तसला घेत नाहीत, त्यामुळे निम्म्याहूनही कमी पडेल.

"उघडलेला चालेल की," भरत म्हणाले. "आम्हाला जोडायचाच आहे."